‘ए’ वाजला की खडखड: एका २×१२ कॅबिनेटचं प्रकरण

तक्रार साधी होती. गिटारवर क्लीन आवाजात खालचा ‘ए’ वाजवला की तिच्या स्पीकर कॅबिनेटमधून खडखड येते. डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम केलेला फाटका आवाज, चालू केलं की ती थोडी दबते, पण रेकॉर्डिंग ऐकताना कानाला टोचतेच. बाकी सुरांवर कॅबिनेट स्वच्छ वाजतं, निदान सुरुवातीला तरी वाजत होतं.

कॅबिनेट २×१२, मागून पूर्ण बंद. चौकट १८ मिलिमीटर प्लायवुडची, मागचं पॅनेल मात्र १२ मिलिमीटरचं. आत १२ इंची दोन स्पीकर, प्रत्येकी १६ ओहम, पॅरललमध्ये जोडलेले, म्हणजे जॅकवर ८ ओहम. स्पीकरच्या फ्रेम ओतीव नव्हत्या, पत्र्याच्या होत्या. पत्र्याची फ्रेम वाईट नसते, पण पिळली की पिळली जाते. हे पुढे महत्त्वाचं ठरणार होतं.

माझ्याकडे येण्याआधी मालकांनी बरंच काही करून पाहिलं होतं. अ‍ॅम्पच्या ट्यूब (सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या) बदलल्या, केबल बदलली, गिटारच्या तारांची उंची वाढवली. शेवटी कुणीतरी सांगितलं, ‘सगळे स्क्रू कचकचून आवळून टाका.’ त्यांनी मागचं पॅनेल काढलं, स्पीकरचे नट पान्याने आवळले, पॅनेल परत लावलं आणि त्याचेही स्क्रू आवळले. खडखड तशीच राहिली, वर एक नवीन बारीक खरखर सुरू झाली.

‘सगळं आवळा’ हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की तो सल्ला वाटेनासा झालाय. माझ्या मते पहिलं पाऊल म्हणून याच्याइतकं वाईट दुसरं नाही. एक तर त्यात पुरावा पुसला जातो. दहा गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज थांबला, तर कशाने थांबला ते कळत नाही. थांबला नाही, तर आता दहा जागी नव्याने शंका. दुसरं, काही जागा अशा असतात की तिथे जास्त जोर लावणं हाच बिघाड.

आधी कॅबिनेटबाहेरचं

आवाज कॅबिनेटमधून येतोय हे मालकांना ठाम वाटत होतं. पण ‘तिथून ऐकू येतो’ आणि ‘तिथे तयार होतो’ यांत फरक असतो, म्हणून ते तपासायला लागलंच.

गिटारपासून सुरुवात केली. पाचवी तार मोकळी वाजवली की ११० हर्ट्झचा ‘ए’ मिळतो. सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरही तोच ११० हर्ट्झ. तार फ्रेटला घासत असेल, ब्रिजचा सॅडल किंवा पिकअपची स्प्रिंग थरथरत असेल, तर या दोन जागी आवाज सहसा सारखा येत नाही. इथे अगदी सारखा आला. मग गिटार बाजूलाच ठेवली आणि फोनवरच्या टोन जनरेटरमधून ११० हर्ट्झ थेट अ‍ॅम्पमध्ये सोडला. खडखड हजर. गिटार सुटली.

अ‍ॅम्पचं प्रकरण जरा फसवं असतं. ट्यूब सैल असेल, तिच्यावरचं पत्र्याचं टोपण किंवा रिव्हर्बच्या स्प्रिंगचा डबा थरथरत असेल, तर तो आवाज अ‍ॅम्पच्या पेटीतून हवेत येतो. तो सापडायला सोपा. पण एखादी ट्यूब मायक्रोफोनिक झाली असेल, म्हणजे हादऱ्याचं रूपांतर विजेच्या सिग्नलमध्ये करत असेल, तर तिचा आवाज स्पीकरमधूनच बाहेर पडतो आणि सगळा दोष स्पीकरवर जातो. हा अ‍ॅम्प हेड स्वरूपातला, म्हणजे स्पीकरशिवायची वेगळी पेटी होता, त्यामुळे त्याला कॅबिनेटवरून उतरवून लांब टेबलावर ठेवता आलं. खडखड कमी झाली नाही. नंतर तो पूर्ण बंद करून, त्याच्या जागी एक लहान ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प लावला. तरीही तीच खडखड, त्याच सुरावर. ट्यूबही सुटल्या. मालकांच्या जुन्या ट्यूब बहुधा ठणठणीत होत्या. जपून ठेवा म्हटलं, उपयोगी पडतील.

एक धोक्याची सूचना इथेच देतो, कारण अशा अदलाबदलीच्या गडबडीतच ती विसरली जाते. ट्यूब अ‍ॅम्प चालू असताना स्पीकरची केबल काढायची नाही. लोड, म्हणजे स्पीकर, जोडलेला नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि अ‍ॅम्पच्या आत हात घालायचा तर ज्याला ते काम येतं त्यानेच. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरलेला असू शकतो.

राहिली खोली. सराव जिथे चालतो तिथे ड्रमसेट असतो, आणि स्नेअरच्या तारा तर ठरावीक सुरांवर आपणहून झणझणतात. खिडकीची काच, छताला लटकणारा दिवा, कपाटाचं दार, सगळे त्या कटात सामील असू शकतात. म्हणून तपासणी दुसऱ्या, रिकाम्या खोलीत केली. कॅबिनेट जमिनीवर, खाली जाड रबराचे तुकडे, आसपास काही नाही. कामाच्या टेबलावर ठेवून हे करू नये. खणातले पाने आणि स्क्रूच कॅबिनेटपेक्षा जास्त वाजतात.

स्वीप

आता खरं काम. शुद्ध साइन टोन घ्यायचा आणि वारंवारता हळूहळू वर न्यायची, हाच स्वीप. साइनच का, तर त्यात वरचे स्वर नसतात. सोडलेल्या आवाजात खरखर अजिबात नसते, त्यामुळे जी ऐकू येते ती वाटेत कुठेतरी तयार झालेली असते. अट एकच, अ‍ॅम्प स्वच्छ राहायला हवा. तो क्लिप होऊ लागला, म्हणजे ताकद संपून लाटेची टोकं कापू लागला, की स्वतःच खरखरीत स्वर घालतो आणि आपण नसलेल्या बिघाडाच्या मागे लागतो.

गिटारची सगळ्यात खालची तार ८२.४ हर्ट्झची, तरी मी ५० पासून सुरुवात करतो. कारण डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्या वारंवारतांमधला फरकही ऐकू येणारा सूर म्हणून तयार होतो. ‘ए’चा पॉवर कॉर्ड घ्या: ११० आणि त्याचा पंचम १६५. फरक ५५. म्हणजे गिटारवर ज्या सुराची तारच नाही, तो सूर स्पीकरकडे जातोय. ‘फक्त पॉवर कॉर्डवरच खडखडतं, सुटे सूर वाजवले तर नाही’ अशी तक्रार बहुतेक वेळा इथे येऊन थांबते.

स्वीप सावकाश हवा. सैल भागाला थरथर धरायला थोडा वेळ लागतो. टोन घाईने पुढे गेला तर तो भाग हलायच्या आतच आपण त्याच्यापुढे निघून गेलेलो असतो. आणि आवाज गरजेपुरताच. सलग साइन टोन संगीतापेक्षा स्पीकरला फार जड जातो, कारण त्यात व्हॉइस कॉइलला, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, थंड व्हायला उसंतच नसते. खालच्या वारंवारतांना कोनाची, म्हणजे स्पीकरच्या कागदी शंकूची, हालचालही वाढते: तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं. कानात प्लग घालावेत. एकच सूर बराच वेळ ऐकताना तो किती मोठा आहे याचा अंदाज सुटतो.

कागदावर तीन नोंदी झाल्या. ६० च्या आसपास वरच्या हँडलची बारीक किणकिण. १०६ ते ११६ मध्ये मुख्य खडखड, ११० ला सगळ्यात जोरात. आणि १९० ते २१० मध्ये ती नवी खरखर.

मग या दोन मोठ्या आवाजांवर एक छोटी परीक्षा केली. टोन तसाच ठेवून आवाज हळूहळू कमी करत नेला. ११० ची खडखड एका ठरावीक पातळीखाली एकदम बंद पडली, जणू बटण दाबलं. २०० ची खरखर तशी बंद झाली नाही. आवाजाबरोबर ती लहान होत गेली, पण अगदी हळू वाजवतानाही तळाशी होतीच.

या फरकावर मी खूप विसंबतो. दोन पृष्ठभाग एकमेकांपासून केसभर दूर असतील, तर हालचाल त्या फटीपेक्षा मोठी होईपर्यंत ते भिडत नाहीत. म्हणून खडखड ठरावीक पातळीला एकदम सुरू होते. जे आधीच एकमेकांना टेकून घासतंय, त्याला अशी पातळी नसते. म्हणजे या कॅबिनेटमध्ये दोन वेगळ्या जातीचे बिघाड होते, आणि दोघांचा इलाज एक असणं जवळपास अशक्य होतं.

पॅनेल दाबलं, आवाज गेला

११० हर्ट्झ चालू ठेवून मी तळहाताने एकेक बाजू दाबत गेलो. वर, बाजू, ग्रिल, जॅकची पट्टी, काही फरक नाही. मागच्या पॅनेलवर हात टेकवला आणि खडखड थांबली.

“सापडलं की! मागचं पॅनेलच आहे,” मालक म्हणाले. “अजून चार स्क्रू मारून टाकू.”

हात तसाच दाबून ठेवला आणि त्यांना टोन हळूहळू वर न्यायला सांगितलं. १२३ हर्ट्झला खडखड परत आली, तितकीच जोरात.

हाताने दाबून पाहणं सगळेच करतात, पण दाबल्यावर पुन्हा स्वीप करून पाहणारे थोडेच. दाबलं की फळी ताठ होते आणि तिची नैसर्गिक वारंवारता वर सरकते. वजन ठेवलं की उलट, ती खाली येते. दोन्ही वेळा ज्या सुरावर आपण कान लावून बसलोय तो सूर स्वच्छ होतो, आणि बिघाड शेजारच्या सुरावर जाऊन बसतो. इथे तो ‘ए’वरून ‘बी’वर गेला होता. चार स्क्रू जास्तीचे मारले असते तर ‘ए’ची तक्रार मिटली असती आणि थोड्याच दिवसांत ‘बी’ची आली असती.

मग पॅनेल दोषी नाही का? तर पॅनेल त्यात आहे, पण कुठल्या भूमिकेत, हा प्रश्न होता. खडखडीत बहुतेक वेळा दोघे असतात: एक थरथरणारा आणि एक आपटणारा. १२ मिलिमीटरची मोठी फळी कुठल्या तरी वारंवारतेला थरथरणारच, तो तिचा स्वभाव आहे, आणि नुसत्या थरथरीचा आवाज खडखडीसारखा नसतोही. फळी हलतेय हे कळलं. ती कशाला भिडतेय हे अजून कळलेलं नव्हतं.

पॅनेलचे स्क्रू एकेक तपासले. खालच्या डाव्या कोपऱ्यातला एक नुसताच फिरत होता, लाकडातले आटे गेले होते. हा संशयित अगदी आयता. पण तो कोपरा बोटाने घट्ट दाबून धरला तरी ११० ची खडखड तसूभरही बदलली नाही. त्याची नोंद केली आणि तो स्क्रू तसाच ठेवला. मालकांना ते पटलं नाही. डोळ्यांसमोर सैल स्क्रू दिसतोय आणि हा माणूस त्याला हात लावत नाही, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण तो आत्ता बसवला असता तर पॅनेलची वारंवारता सरकली असती आणि आधीच्या सगळ्या नोंदी निकामी झाल्या असत्या.

जागा शोधायला एक रबराची नळी वापरली, एक टोक कानाशी, दुसरं पॅनेलवर फिरवत. जाड, खालचे सूर खोलीभर पसरतात, ते कुठून येतायत हे कानाला कळत नाही. आपटण्याचा आवाज मात्र वरच्या वारंवारतांचा असतो आणि त्याला जागा असते. नळी पॅनेलच्या मध्यापासून थोडी वर गेली आणि कानात स्पष्ट टक-टक-टक ऐकू आलं. बाहेरून तिथे काहीच नव्हतं. नुसती फळी. म्हणजे आतून.

पॅनेल काढलं आणि ११० हर्ट्झ सोडला. खडखड गायब. यावरून काहीही सिद्ध होत नाही. पॅनेल काढलं की फक्त पॅनेल जात नाही, कोनामागची कोंडलेली हवाही जाते, आणि तीच हवा बंद कॅबिनेटमध्ये स्प्रिंगसारखं काम करत असते. कोनाची चाल बदलते, दाब बदलतो, सगळंच बदलतं. बंद कॅबिनेट उघडल्यावर आवाज थांबला म्हणून पॅनेलला दोष देणं ही या कामातली नेहमीची घाई.

पण आता आत पाहता येत होतं. दोन स्पीकरना जोडणारी वायर गरजेपेक्षा वीतभर लांब होती आणि मागे कमानीसारखी फुगली होती. प्लास्टिकचं आवरण कडक, त्यामुळे कमान ताठ. आणि पॅनेलच्या आतल्या बाजूला, बरोबर जिथे नळीत टकटक ऐकू आली होती तिथे, रंग न दिलेल्या प्लायवुडवर गुळगुळीत घासलेला लहानसा डाग.

वायर स्पंजच्या तुकड्यात गुंडाळून केबल टायने बाजूच्या फळीला बांधली. बांधताना दोन गोष्टी पाहायच्या. ती कोनाच्या वाटेत येता कामा नये, आणि टर्मिनलवर तिचा ताण पडता कामा नये. पॅनेल परत लावलं, तेच स्क्रू, त्याच जागी, आटे गेलेल्या स्क्रूसकट. स्वीप केला. १०६ ते ११६ स्वच्छ. पॅनेल दाबून १२३ पाहिलं, तेही स्वच्छ.

यानंतर मी टाय कापला, वायर पूर्वीसारखी मोकळी सोडली आणि पॅनेल पुन्हा बसवलं. खडखड परत आली. हा उलटा प्रयोग लोकांना वेळेचा अपव्यय वाटतो. पण तो केल्याशिवाय आपल्याला एवढंच माहीत असतं की पॅनेल उघडून परत लावल्यावर आवाज थांबला. कदाचित पॅनेल वेगळ्या जागी बसल्याने थांबला असेल, आणि मग गाडीतल्या पहिल्या प्रवासात तो परत येईल. वायर मोकळी केली की येतो आणि बांधली की जातो, हे दोन्ही पाहिल्यावरच मी ती कायमची बांधली.

२०० ची खरखर

हा आवाज घासण्याचा होता, म्हणून आधी कुठला स्पीकर ते ठरवायचं होतं. एकेकाचं कनेक्शन काढून वाजवायचं, इतकं सोपं वाटतं. पण बंद कॅबिनेटमध्ये त्यात एक खोच आहे. कनेक्शन काढलेला स्पीकर गप्प बसत नाही. चालू स्पीकर आतली हवा ढकलतो आणि त्या हवेने बंद स्पीकरचा कोनही हलतो. घासणारा तोच असेल तर वीज नसतानाही घासत राहतो आणि दोष चालू असलेल्या निर्दोष स्पीकरवर येतो. म्हणून ही तपासणी मागचं पॅनेल काढूनच केली. एकटा स्पीकर १६ ओहमचा. लहान ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला जास्त ओहमचं काही वाटत नाही. ट्यूब अ‍ॅम्प असता तर त्याचं आउटपुट जुळवून घ्यावं लागलं असतं.

वरचा स्वच्छ निघाला. खालचा खरखरला.

मग सगळं बंद करून हाताची परीक्षा. दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपभोवती (कोनाच्या मधोमध असलेली टोपी) समोरासमोर ठेवून कोन सरळ, अलगद आत ढकलायचा. एका बाजूने ढकलला तर धडधाकट स्पीकरही घासतो आणि आपण उगाच त्याला आजारी ठरवतो. वरच्या स्पीकरचा कोन मऊ गेला आणि मऊ परतला. खालच्यात अर्ध्या वाटेवर बारीक ‘सर्र’ बोटांना जाणवलं.

व्हॉइस कॉइल चुंबकाच्या मधल्या अरुंद खाचेत मागे-पुढे होत असते, आणि तिच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा मिलिमीटरचा लहानसा अंशच. ती घासायला चार-पाच कारणं पुरतात. कॉइल तापून फुगली, खाचेत लोखंडाचा कीस शिरला, पडल्याने चुंबक सरकलं, जुना कोन स्वतःच्या वजनाने खाली ओघळला, किंवा फ्रेम पिळली गेली. मल्टिमीटरवर दोन्ही स्पीकर साडेबारा ओहमच्या आसपास आले. १६ ओहमच्या स्पीकरचा डीसी रोध साधारण एवढाच असतो, आणि दोघांत फरक नव्हता. जळका वास नाही, कोनाला डाग नाही, पडल्याची खूण नाही. उरलेल्या कारणांपैकी सगळ्यात स्वस्त आणि सहज उलटवता येण्याजोगं कारण आधी पाहायचं: खरखर सुरू झाली ती नट आवळल्यानंतर.

खालच्या स्पीकरचे नट सैल केले. पूर्ण काढले नाहीत, फक्त ताण सोडला. कोन पुन्हा ढकलला. सर्र नाही.

स्पीकर उतरवल्यावर उलगडा झाला. फ्रेम आणि बॅफल (स्पीकर बसवलेली पुढची फळी) यांच्यामधली गॅस्केट, म्हणजे मऊ पट्टी, जवळजवळ एक तृतीयांश भागात फाटून गेली होती. तेवढ्या भागात फ्रेमखाली पोकळी. नट आवळले तेव्हा ती बाजू पोकळीत ओढली गेली, पत्रा किंचित पिळला, आणि चुंबकाचा मध्य कॉइलच्या मध्यापासून सरकला. वरच्या स्पीकरची गॅस्केट शाबूत होती, म्हणून तेवढ्याच जोराने त्याचं काही बिघडलं नाही. मालकांनी खेदाने मान हलवली. पण खरं तर दोष त्यांच्या हाताचा नव्हता, त्या फाटक्या गॅस्केटचा होता. पाना फक्त निमित्त.

खरखर १९० ते २१० मध्येच का जास्त ऐकू यायची? काही वारंवारतांना कोन सरळ पुढे-मागे न जाता थोडा डोलतो. कॉइल मध्यभागी असेल तर ते डोलणं खाचेत मावतं. ती आधीच कडेला असेल तर तिथेच सगळ्यात जास्त टेकते.

जुन्या गॅस्केटचे अवशेष खरवडून काढले, बॅफल साफ केलं, पूर्ण वर्तुळाची नवी फोमची गॅस्केट चिकटवली. नट आधी नुसत्या बोटांनी बसवले. मग समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येकाला पाव फेरा. प्रत्येक फेरीनंतर कोन ढकलून पाहायचा. हवा गळणार नाही आणि स्पीकर हलणार नाही, एवढंच नटांचं काम. गॅस्केट दबलेली दिसली की थांबायचं, मनगटात अजून जोर उरला असला तरी. पॅनेल लावून स्वीप केला, १९० ते २१० स्वच्छ.

किरकोळ

हँडलच्या टोकांखाली फेल्टच्या चकत्या घातल्या, ६० ची किणकिण गेली. जॅकचा नट पाहिला, घट्ट होता. मग तो आटे गेलेला स्क्रू. भोकात गोंद लावून लाकडाची बारीक काडी ठोकली, सुकू दिली, स्क्रू परत मारला. पॅनेलची थरथर त्यामुळे थोडी वर सरकली, पण आता तिला आपटायला काही उरलं नव्हतं.

इथे काम संपलं असं वाटलं होतं. तरी स्वीपवर थांबत नाही. मालकांना गिटार घेऊन बसवलं आणि सहावी तार तळहाताने दाबून जोरजोरात वाजवायला सांगितलं, नंतर ती ‘डी’पर्यंत, म्हणजे ७३.४ हर्ट्झवर, उतरवूनही. जोराच्या प्रत्येक आघाताला पुढून एक हलकी फडफड आली. ग्रिलची चौकट वेल्क्रोने बॅफलला चिकटवलेली होती. एका पट्टीची पकड गेली होती. सलग टोनमध्ये ती एकदाही वाजली नव्हती. साइन टोन हळूहळू चढतो, आघाताचा झटका त्यात नसतो, आणि काही भाग झटक्यालाच दाद देतात. पट्टी बदलली, फडफड गेली.

आणि मग, इतका वेळ कान लावून ऐकल्यावर, मालकांना आणखी एक गोष्ट ऐकू येऊ लागली. पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर, बाराव्या फ्रेटच्या पुढे, काही सुरांच्या मागे एक पुसट, खालचा, जरा बेसूर असा सूर. वरच्या स्पीकरमध्ये जास्त, खालच्यात कमी.

तो खडखडणारा भाग नव्हता. नळी फिरवली तरी जागा सापडत नव्हती; तो कोनाच्या सगळ्या अंगातूनच येत होता. कागदी कोन वरच्या सुरांना एकसंध हलत नाही, त्याच्या कडेचे भाग आपापले डोलू लागतात आणि मूळ सुराच्या खालचा एखादा सूर त्यातून निघतो. गिटारच्या हलक्या कोनांमध्ये हे वारंवार आढळतं, आणि ज्या हलकेपणामुळे तो स्पीकर गोड वाजतो त्याच हलकेपणाची ती दुसरी बाजू आहे. काही जण कोनाच्या कडेला चिकट द्रावणाचा हात फिरवून तो दाबतात. मी ते सुचवत नाही. त्याने सूर दबतो, पण स्पीकरचा आवाजही मंद होतो, आणि लावलेलं द्रावण परत काढता येत नाही. एखाद्या मापात न बसणाऱ्या सुरासाठी पूर्ण स्पीकरचा स्वभाव बदलायचा, हा सौदा मला महाग वाटतो.

“मग हे असंच राहणार?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बँडबरोबर वाजवताना तो सूर कुणाला ऐकू आला, तर या. त्यांनी दोन्ही स्पीकर आलटून-पालटून पुन्हा ऐकले, पहिल्या तारेचा तोच सूर बऱ्याचदा वाजवून पाहिला, आणि वरचा स्पीकर न बदलता कॅबिनेट घेऊन गेले.